गाणाऱ्यांची लाज

जुलै सरत आला की इथे जर्मनीत, आमच्या गल्लीतल्या लिंडनच्या झाडांखाली फुलांचा चिकट, तपकिरी सडा पडतो. गाडीच्या काचेला चिकटतो, चपलांच्या तळव्यांना चिकटतो, घरात येतो. गावाबाहेर गहू कापून झालेला असतो आणि मोकळ्या शेतांत पेंढ्याचे मोठाले गोल गठ्ठे, कुणी विसरून गेल्यासारखे, पडून राहतात. जेवणं आटोपली तरी खिडकीतलं ऊन जायचं नाव घेत नाही. शाळेचा शेवटचा आठवडा कसाबसा संपतो, मुलांची दप्तरं कोपऱ्यात भिरकावली जातात, आणि त्याच सुमारास हलिनाचा आवाज फोनमध्ये येऊन पडतो.

"मीनल, आल्झो... तर मग, या वर्षी डाळ किती आणायची?"

मागे भांडं पडल्याचा आवाज, कुणाचं तरी हसू, कुत्र्याचं भुंकणं. मी तो निरोप पुन्हा एकदा लावते. डाळ मीच आणणार असते, हे तिलाही ठाऊक असतं. मी 'आणते' एवढंच कळवते. पण ते कळवण्याआधी क्षणभर मी कुठेतरी दुसरीकडेच बघते. खिडकीबाहेर, भिंतीकडे, कुठेही. एखाद्या ओळखीच्या माणसाच्या घरात आपण नको ते पाहिलेलं असावं आणि आता पुन्हा त्याच घरी जेवायला जायचं असावं, तसं काहीसं होतं.

हलिनाची आणि माझी ओळख तळघरातली. आमच्या इमारतीत कपडे धुण्याची सामाईक खोली, वाशक्युखे, तळघरात आहे. युद्ध सुरू झालं त्या वसंतात वरच्या मजल्यावर एक युक्रेनी कुटुंब राहायला आलं. हलिना, तिचा नवरा मिकोला आणि त्यांची तीन मुलं. एकदा मी ओल्या चादरींची बादली घेऊन जिना उतरत होते, तर बंद दारामागून असा आवाज आला की मी पायरीवरच थबकले. लहानपणापासून माझ्या कानांना सवय घोटलेल्या, घासून पुसून घेतलेल्या गळ्यांची. या आवाजाला तशी झिलई नव्हती. गळा पुरता मोकळा सोडलेला. नदीच्या पलीकडच्या माणसाला कुणी बाई जिवाच्या आकांताने हाक मारते ना, तसा.

मी दार ढकललं. हलिना दचकली आणि तिने चटकन तोंडावर हात ठेवला, चोरी पकडल्यासारखा.

"माफ कर," ती म्हणाली. "वर गात नाही मी. इथे गाते. इथे कुणी नसतं."

"वर का नाही गात?"

तिने ओले मोजे झटकले. तिची जर्मन तेव्हा लंगडी होती आणि माझी कायमचीच. "लोकांना वाटेल, आम्ही मजेत आहोत."

हळूहळू कळत गेलं. तिकडे, तिच्या गावी, ती संगीतशाळेत लोकगीतं शिकवायची. खेड्यापाड्यांतून फिरून म्हाताऱ्या बायकांकडून तिने गाणी गोळा केलेली होती. मिकोला बांडुरा वाजवायचा आणि बनवायचाही. बांडुरा म्हणजे आपल्या सतारीची आणि संतूरची मिसळ म्हणावी असं वाद्य, पुष्कळ तारांचं, छातीशी उभं धरून वाजवायचं. दर उन्हाळ्यात ही दोघं नदीकाठच्या एका खेड्यात मुलांसाठी गाण्याचं शिबिर भरवत. सकाळी गाणी, दुपारी पोहणं, गवताच्या गंजीवर झोपणं. त्या खेड्याबद्दल हलिना बोलायची ते वर्तमानकाळात. "तिथे संध्याकाळी बेडूक इतके ओरडतात," असं. ते खेडं आता कुणाच्या ताब्यात आहे, हे मी विचारलं नाही. मिकोला इथे एका गोदामात खोकी उचलायचा. एरवी गप्प, उंच, थोडा वाकून चालणारा माणूस. लिफ्टमध्ये भेटला की आधी आपल्याला आत जाऊ द्यायचा.

आमच्या घरात त्याच्याबद्दल एकदा बोलणं झालं होतं. गाडीतून शेजारच्या वाल्डॉर्फ गावाहून घरी येत होतो. समीर, माझा नवरा, सहज म्हणाला, "हा मिकोला इकडे कसा गं? लढण्याच्या वयाच्या पुरुषांना देशाबाहेर सोडत नाहीत ना तिकडून?"

"तीन लहान मुलं असली की सोडतात, म्हणे," मी म्हटलं.

त्या 'म्हणे'मध्ये काय काय होतं, ते मराठी माणसाला सांगायला नको. मागच्या सीटवर आमची मुलगी ईरा कानात इअरफोन न घालता बसलेली होती.

दुसऱ्या वर्षी हलिनाने शिबिर इथे सुरू केलं. ओडनवाल्डच्या टेकड्यांत एक जुनं वसतिगृह आहे, लाकडी, लाल कौलांचं, मागे बीच वृक्षांचं दाट रान आणि पुढे उतरतं कुरण. गावातल्या लोकांनी ते आठवडाभरासाठी वापरायला दिलं. आजूबाजूच्या शहरांतून विखुरलेली युक्रेनी मुलं आली, थोडी जर्मन मुलं आली, आणि ईरा आली, कारण हलिनाची धाकटी सोलोमिया ही तिची जिवाभावाची मैत्रीण. मी रजा टाकून स्वयंपाकघर सांभाळायला गेले. इथे येऊन इतकी वर्षं मी संगणकासमोर बसूनच काढली होती. बटाटे सोलायला जायचंय म्हटल्यावर ऑफिसातले लोक हसले.

त्या स्वयंपाकघराचा वास अजून माझ्या नाकात आहे. उकळत्या बिटाचा, भाजलेल्या कांद्याचा, आणि शेपूचा. शेपू! लहानपणी आईने ताटात वाढली की मी ती कडेला सारायचे. इथे तीच शेपू बोर्श्च नावाच्या बिटाच्या सारावर, बटाट्यांवर, काकडीवर, दह्यावर, सगळ्यांवर भुरभुरलेली. माझ्याबरोबर स्वयंपाकाला स्वितलाना होती. पस्तिशीची, काटक, केस घट्ट बांधलेली, बोलणं मोजकं. ती हलिना-मिकोलाच्याच गावची. तिची मुलगी शिबिरात गात होती आणि नवरा, आंद्री, आघाडीवर होता. हा आंद्री पूर्वी मिकोलाच्या साथीला डफासारखं एक चामड्याचं वाद्य वाजवायचा. स्वितलाना फोन एप्रनच्या खिशात ठेवायची आणि खिसा थरथरला की हातातला चमचा तसाच सोडून बाहेर पळायची. परत आली की तिच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, एवढं मी पहिल्याच दिवशी शिकले.

सकाळी अंगणात मुलं गोल उभी राहायची. हलिना मधोमध, अनवाणी. "सुंदर गाऊ नका," ती म्हणायची. "सुंदर गाणं टीव्हीवर असतं. तुमची गाय त्या टेकडीवर गेलीय. तिला बोलवा!" मग पोरं समोरच्या टेकडीकडे तोंड करून एकेक स्वर फेकायची आणि टेकडी तो थोडा उशिराने परत करायची. ईरा त्या घोळक्यात पुढे असायची. घरी मी मराठीत विचारलं तर जर्मनमध्ये उत्तर देणारी माझी लेक तिथे तिसऱ्याच भाषेतले शब्द तोंड भरून उच्चारत होती. एकदा जेवणानंतर हलिनाने तिला सहज विचारलं, "आणि तुझ्या आईच्या भाषेतलं?" ईराने माझ्याकडे पाहिलं. मी उत्साहाने भोंडल्याचं एक गाणं सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीनंतर मला पुढचे शब्द येईनात. नुसतीच गुणगुणत राहिले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मनापासून. मी भांडी आवरायला लागले. इतक्या मोठ्या आवाजात भांडी मी कधी आवरली नसतील.

मिकोला दुपारी शिकवायचा, अक्रोडाच्या झाडाखाली. बांडुरा हातात घेतला की त्याचं वाकलेपण जायचं. त्या माणसाला आवाज आहे हे मला तिथेच कळलं. हसायचा, मुलांच्या चुका नक्कल करून दाखवायचा, चिमुरड्यांची बोटं एकेक करून तारांवर ठेवायचा. समारोपाच्या दिवशी गावातले लोक ऐकायला येणार होते, त्यासाठी तो मुलांना एक जुनं निरोपाचं गाणं बसवत होता. कोसॅक, म्हणजे तिकडचा जुन्या काळचा लढवय्या, घोड्यावर बसून लढाईला निघतो आणि आई त्याचा लगाम धरून उभी राहते, अशा अर्थाचं. अर्थ मला ईराने सांगितला होता. चाल इतकी साधी की आम्ही दोघी स्वयंपाकघरात कांदे चिरताना ती नकळत गुणगुणायला लागलो होतो. निदान मी तरी.

ती दुपार फार उकाड्याची होती. खिडक्या सताड उघड्या. बाहेर मुलं तेच कडवं पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि मिकोला सांगत होता, "नाही, इथे रडायचं नाही. आई रडत नाही. ती लगाम सोडते."

हे ईराने मला नंतर सांगितलं. तेव्हा मी फक्त पाहिलं की स्वितलानाच्या हातातली सुरी थांबली. तिने ती ओट्यावर ठेवली, अगदी हळू, आणि ओल्या हातांनीच ती बाहेर गेली. मी खिडकीशी आले. ती मुलांच्या गोलातून आत शिरली, मिकोलासमोर उभी राहिली आणि एकच वाक्य बोलली. ओरडली नाही. शेजाऱ्याला दूध आहे का विचारावं तशा आवाजात बोलली. मला अर्थ कळला नाही. पण मिकोलाचा हात तारांवर सपाट पडला आणि सगळ्या तारा एकदम गप्प झाल्या, ते कळलं.

मुलं जागच्या जागी उभी. स्वितलानाची मुलगी आपल्या बुटांकडे बघत होती. हलिना धावत आली, कुणाच्या खांद्यावर हात ठेवावा ते तिला कळेना, आणि शेवटी तिने कुणाच्याच ठेवला नाही. मिकोलाने बांडुरा पेटीत ठेवला. पेटीच्या कड्या लावायला त्याला वेळ लागला. मग तो घरामागे गेला आणि थोड्या वेळाने लाकडं फोडल्याचे आवाज यायला लागले. शेकोटीसाठी लाकडं भरपूर रचलेली होती. तरी तो फोडत राहिला.

"काय म्हणाली गं ती?" मी ईराला गाठून विचारलं.

ईरा गप्प. तिच्या वयाची मुलगी अशी गप्प होते तेव्हा ती काहीतरी लपवत नसते, आपल्याला जपत असते. मी पुन्हा विचारलं. तेव्हा ती जमिनीकडे बघत जर्मनमध्ये म्हणाली, "ती म्हणाली, हे गाणं शिकवायची तुला लाज नाही वाटत?" आणि मग, "इर हाब्ट दास आउख गेझाग्ट. इम आउटो." तुम्हीही हेच म्हणाला होतात. गाडीत.

"आम्ही असं नव्हतो म्हणालो," मी म्हटलं.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मराठी तिला नीट कळतं. 'म्हणे'सुद्धा.

आपल्याकडे लाजेला केवढे शब्द! लाजणं वेगळं, ओशाळणं वेगळं. माणूस वरमतो, खजील होतो, चारचौघांत कानकोंडा होतो. त्या संध्याकाळी त्या लांबलचक लाकडी टेबलाशी हे सगळे शब्द पंगतीला बसले होते. मिकोला ताटावर वाकला होता. स्वितलाना वाढत होती आणि त्याच्यापाशी आली की तिचा डाव अडखळत होता. हलिना उगाचच मोठ्याने मुलांना पाव हवा का विचारत होती. जर्मन मुलं, ज्यांना काहीच कळलं नव्हतं, तीही कुजबुजत होती. आणि मी. माझा तर काहीच संबंध नव्हता. हा 'काहीच संबंध नाही' मला त्या दिवशी जितका टोचला, तितका आधी कधी टोचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हलिना एकटीच मुलांना घेऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले होते. मी चहा घेऊन गेले.

"बंद करायचं का?" मी विचारलं. "पालकांना फोन करते मी, तू म्हणालीस तर."

"काल तेच ठरवलं होतं." तिने कप दोन्ही हातांत धरला. "मग मनात आलं, बंद केलं तर स्वितलानाला आयुष्यभर वाटेल, तिने बंद पाडलं. आधीच तिच्यावर काय कमी आहे? तेवढं ओझं मी नाही टाकणार." मग ती घोटभर चहा प्याली आणि म्हणाली, "तुला सांगू? तो लाजेचा प्रश्न तिने मला विचारला असता तर बरं झालं असतं. इथे पोरं हसली की मला इतकं छान वाटतं. आणि मग बहिणीचा फोन येतो, तिच्याकडे वीज नसते, आणि ती विचारते, काय चाललंय? मी काय सांगू? गातोय?"

ती मुलांकडे वळली. "गाय कुठाय? बोलवा!" तिचा आवाज मधेच फाटला. मुलांना वाटलं तसंच म्हणायचं असतं. सगळ्यांनी आपापला आवाज तसाच फाडून टेकडीकडे फेकला.

मिकोला मात्र शिकवायला आला नाही. तो स्वयंपाकघरात आला, सुरी मागून घेतली आणि माझ्या शेजारी बटाटे सोलायला बसला. स्वितलाना दुसऱ्या टोकाला पीठ मळत होती. मी मधे. दुपारी ती सामान आणायला गेली तेव्हा तो आपणहून बोलला, बटाट्याकडे बघत.

"ती बरोबर आहे," तो म्हणाला. "आणि मी माझ्या मुलांना बाहेर काढलं, तेही बरोबर आहे. दोन्ही बरोबर असली की माणसाने काय करायचं, ते मला कुणी सांगत नाही."

मी काहीतरी म्हणाले. मुलांसाठी कुणीही हेच केलं असतं, असलं काहीतरी, जे आपण म्हणतो.

त्याने मान हलवली. "सीमेवर एक सैनिक होता. पोरसवदा. त्याने माझे कागद बघितले, मुलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हा काहीतरी बोलेल. शिवी देईल. मी तयारीत होतो. तो म्हणाला, प्रवास सुखाचा होवो." त्याने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "शिवी दिली असती तर मी विसरलो असतो."

स्वितलानाही माझ्याशी बोलली, वेगळ्या वेळी, अंगणात टॉवेल वाळत घालताना. तिची मुलगी तिच्याशी बोलेनाशी झाली होती. "आणि तुला माहीत नाही," ती म्हणाली. "आंद्रीनेच पाठवलं आम्हाला या शिबिराला. त्याने मिकोलाला फोन करून सांगितलं होतं, माझ्या पोरीचं गाणं बंद पडू देऊ नकोस. फोन लागला की तो आधी हेच विचारतो, गायली का? काल पण विचारलं. मी हो म्हटलं." तिने टॉवेलला चिमटा लावला. "तू बाहेरची आहेस. तू सांग. मी चुकले?"

खरं तर हेच ते क्षण असतात, ज्यांच्यासाठी माणसाला माणूस लागतं. मी म्हणाले, "मला तुमच्यातलं काय कळणार?" ती समजुतीने हसली. तिचं ते हसू मला अजून सहन होत नाही.

समारोपाला गावातले लोक चेरीचे केक घेऊन आले. म्हातारी जोडपी उन्हाच्या टोप्या घालून बाकांवर बसली. गावचा ब्युर्गरमाइस्टर, म्हणजे इथला सरपंच, छान बोलला. तुमच्या मुलांचं गाणं ही आमच्या खोऱ्याला मिळालेली भेट आहे, असं म्हणाला, आणि ते त्याच्या मनातूनच आलं होतं. आम्ही आत संध्याकाळच्या जेवणाची तयारी करत होतो. मिकोला बटाटे सोलत होता. त्याच्याशिवाय निरोपाचं गाणं होणार नाही, असं हलिनाने ठरवलं होतं.

स्वितलाना आत आली. ती मिकोलापाशी गेली आणि तिने त्याच्या हातातून सुरी काढून घेतली. तो उठला नाही. तिने दुसरं स्टूल ओढलं, त्याच्या समोर बसली आणि ढिगातला बटाटा उचलला. त्याने ड्रॉवरमधून दुसरी सुरी घेतली. बराच वेळ दोघं सोलत राहिली. मग ती जर्मनमध्ये बोलली. माझ्यासमोर बोलायचं म्हणून जर्मनमध्ये, की परक्या भाषेत हे बोलणं सोपं जातं म्हणून, कोण जाणे.

"मुलांसमोर बोलायला नको होतं मी."

"खोटं नाही बोललीस."

"म्हणून तर," ती म्हणाली.

एवढंच. तेवढ्यात बाहेरून ते गाणं सुरू झालं. हलिनाने सुरू केलं नव्हतं. मुलांनीच केलं होतं, बांडुऱ्याशिवाय, नुसत्या गळ्यांनी, थोडं बेसूर. लगामाच्या ओळीशी कुणीही रडलं नाही. दोघांचे हात थांबले. मिकोलाच्या उजव्या हाताची बोटं बटाट्यावर किंचित हलत होती. पुढे टाळ्या झाल्या, खूप वेळ. मला वाटलं आपणही वाजवाव्यात, पण कुणासाठी वाजवायच्या ते ठरेना.

त्या हिवाळ्यात आंद्रीचा एक पाय गेला, गुडघ्याखाली. वसंतात त्याला उपचारासाठी जर्मनीत आणलं, हायडेलबर्गपासून फार लांब नाही अशा एका इस्पितळात. मिकोला गोदामातली पाळी संपवून तिकडे जायचा. स्वितलानाने सांगितलं, सुरुवातीला तो नुसता कॉरिडॉरमध्ये बसून परत यायचा. मग एके दिवशी आंद्रीनेच आतून हाक मारली, "मिकोला, बांडुरा कुठाय?"

"गाडीत."

"गाडीला ऐकवतोस का?"

मग तो आत गेला. आत काय झालं, ते स्वितलानाने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण त्या उन्हाळ्याच्या शिबिरात अक्रोडाच्या झाडाखाली पुन्हा मिकोला बसला. पूर्वीसारखा नाही. नकला कमी, मुलांची बोटं धरणं मात्र तेवढंच. निरोपाचं गाणं त्याने पुन्हा शिकवायला घेतलं नाही. मागच्या वर्षीच्या मुलांना ते येतच होतं. नव्यांना ती मुलंच शिकवायला लागली.

आंद्री कुबड्या भिंतीला टेकवून माझ्याबरोबर बिटं चिरायला बसायचा. अंगाने भरलेला, मिश्किल माणूस. माझी पिवळी डाळ त्याला फार आवडली. तिच्यावरही त्याने शेपू घातली. एकदा बाहेर मुलं कोसॅकच्या गाण्याची उजळणी करत होती, तर तो हसायला लागला. "तिकडे आघाडीवर आम्ही असली गाणी कधीच म्हणायचो नाही. लहान मुलांच्या कार्टूनमधलं एक गाणं होतं. बदकाचं. दिवसभर तेच. वेड लागायची पाळी." मिकोला शेजारीच होता. तोही हसला. मग आंद्रीच्या हातातली सुरी बिटात तशीच राहिली. "ते गाणं सुरू करणारा पोरगा अजून तिकडेच आहे," तो म्हणाला. "मी इथे. सकाळी जाग येते तेव्हा पक्षी ओरडत असतात. आधी इतकं बरं वाटतं. आणि मग लाज वाटते."

मिकोलाने वर पाहिलं नाही. त्याने फक्त चिरलेल्या बिटांचं पातेलं त्याच्याकडून आपल्याकडे ओढून घेतलं.

मला तोवर वाटत होतं की ही लाज लढायला न गेलेल्यांची असते. जो गेला, ज्याने रक्त सांडलं, त्याची तरी ताठ मान असेल. त्या स्वयंपाकघरात, लाल हातांनी, मला कळलं की ती जाऊन आलेल्याच्याही पाठीला चिकटून आलेली असते, आणि मी इतके दिवस ती फक्त एकाच माणसाच्या नावावर लिहून ठेवली होती.

समारोपाला तेच बाक, तेच केक, गावचे तेच लोक. आंद्री मुलांचं ऐकायला म्हणून पहिल्या रांगेत बसला होता. शेजारी मिकोला, बांडुरा मांडीवर घेऊन, आपली वेळ यायची वाट बघत. ब्युर्गरमाइस्टरला कुणीतरी आंद्रीबद्दल सांगितलं असावं. भाषणाच्या शेवटी त्याचा आवाज कातर झाला. आपल्यामध्ये आज एक असा माणूस बसला आहे, जो लढला, असं तो म्हणाला. मग लोक उभे राहिले. टोप्या काढून, काठ्या टेकत, ती म्हातारी माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. काहीजणींचे डोळे पुसणं चाललं होतं. ईरा रंगमंचावर सोलोमियाचा हात धरून उभी होती आणि टाळ्या वाजवाव्यात की नाही, या विचाराने माझ्याकडे बघत होती.

मी मागे, ताटल्यांच्या टेबलाशी होते. उभ्या राहिलेल्या लोकांच्या फटीतून मला पहिल्या रांगेत बसून राहिलेल्या त्या दोघांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. दोन्ही माना सारख्याच खाली गेलेल्या. दोघांचेही कान लाल. मी त्यांना ओळखत नसते, तर यातला कोण लढायला गेला होता आणि कोण नव्हता, ते मला सांगता आलं नसतं.